अस्तरामागचा डबा

माझ्या मैत्रिणीची मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा तिचं वजन तीन किलो सहाशे ग्रॅम होतं. जन्मली तेव्हा होतं दोन किलो नऊशे. म्हणजे दोन महिन्यांत जेमतेम सातशे ग्रॅम. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. माझ्या स्वतःच्या मुलांचे मात्र एकही आठवत नाहीत, कारण लक्षात ठेवायची वेळच आली नाही. माझे दोघेही असे गुबगुबीत होते की बघणारा आधी गाल ओढायचा आणि मग नाव विचारायचा. त्याचा मला केवढा तोरा होता! जसं काही मीच हाताने मळून केले होते ते गाल.

मी तळमजल्यावर राहते. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. नवे कपडे मी शिवत नाही. झिपा बदलते, कंबर सैल करते, उंची कमी करते, कोटांना नवं अस्तर लावते. बिल्डिंगमध्ये मला शिलाईवाली म्हणतात. मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर. ती मोठ्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणून ती औषधवाली. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. दिवस गेल्यावर ती दर महिन्याला एक पँट घेऊन खाली यायची आणि म्हणायची, "ताई, अजून एक इंच." असे सहा इंच होईपर्यंत आमची चांगलीच गट्टी जमली होती. नवरा लाइनमन, विजेच्या खांबांवर कामाला. कुठे तारा तुटल्या की दोन-दोन दिवस घरी नाही. त्यामुळे बाळंतपणानंतर तिला हाताशी होते ती मीच.

मुलीला मी पिटुकली म्हणायचे. होतीच तेवढी. डोळे मोठे आणि अंग एवढंसं. मांड्यांची कातडी सैल पडायची, थोरल्या भावंडाचे कपडे घातल्यासारखी. माझी नजर मापाची, मला ती सैल कातडी बघवायची नाही. तासतासभर ती आईच्या अंगावर प्यायची, पिता पिता झोपायची, आणि वीस मिनिटांत पुन्हा रडत उठायची.

"चावल्यासारखं दुखतं गं ताई," मैत्रीण म्हणायची. "पायाची बोटं आवळून धरते मी ती पीत असताना."

"सगळ्यांनाच दुखतं पहिल्यांदा. सवय होईल," मी म्हणाले. हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा म्हणाले. अनुभवी बाईच्या थाटात.

दर बुधवारी दवाखान्यात वजन व्हायचं. तिथल्या नर्सबाई वाढीच्या तक्त्यावर ठिपका काढायच्या आणि ठिपके जोडायच्या. पिटुकलीची रेघ सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली रांगत होती. डॉक्टरांनी तपासलं, छाती ऐकली, म्हणाले, बाळ हुशार आहे, आईचंच दूध द्या, वेळा लिहून ठेवा, आपण लक्ष ठेवू. तेव्हापासून मैत्रिणीने एक निळी वही केली. रकाने आखले: किती वाजता, किती वेळ, कोणत्या बाजूने, लंगोट किती वेळा ओला. शेवटचा रकाना मोठा, काही सांगायचं असेल तर त्यासाठी.

त्याच सुमाराला मी एकदा म्हणाले, "एखादा डबा आणून बघू या का? थोडं वरचं द्यायला काय हरकत आहे?"

तिचे डोळे एकदम भरले. "सासूबाई फोनवर हेच म्हणतात. दुकानातले हेच म्हणतात. दिवसभर मी तेच डबे विकायचे, मला काय माहीत नाहीत? पण डॉक्टर म्हणालेत ना, तुझं दूध पुरेल. तू तरी असं म्हणू नकोस ताई."

"बरं बाई, नाही म्हणणार," मी म्हणाले. आणि तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, की तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही.

अडीच महिने व्हायच्या आत तिला कामावर जावं लागलं. सकाळी नऊ ते एक. तेवढा वेळ पिटुकली माझ्याकडे. मैत्रीण जाताना साठ मिलीची एक बाटली देऊन जायची, स्वतःचं काढलेलं दूध. कधी साठ पूर्ण भरायचं, कधी पन्नासच. सोबत निळी वही, सकाळचे दोन-तीन रकाने मी भरायचे म्हणून.

पहिल्या दिवशी पिटुकलीने ती बाटली पाच मिनिटांत संपवली आणि रिकाम्या बाटलीकडे असं पाहिलं की माझं काळीज हललं. मग बारा वाजेपर्यंत रडली. मी फिरवलं, थोपटलं, मशीनच्या आवाजाने गप्प होते का पाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती रडायचीच थांबली, नुसती पडून राहिली आणि मुठी चोखत राहिली. ते मला रडण्याहून भयंकर वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तीन गल्ल्या ओलांडून दुसऱ्याच दुकानात गेले आणि दुधाच्या पावडरचा डबा घेतला. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मी म्हणाले, नातीसाठी. माझे दोन्ही मुलगे अजून शिकताहेत. जीभ जराही अडखळली नाही.

डबा मी कपाटात ठेवला, अस्तराच्या कापडाच्या गुंडाळ्यांमागे. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उकळून गार केलं, दोन चमचे पावडर, साठ मिली. पिटुकली घटाघटा प्यायली. ढेकर दिली. आणि मग माझ्या खांद्यावर मान टाकून अशी झोपली, अशी झोपली की मी अर्धा तास मशीनवर बसलेच नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट तसाच पडून होता. मी नुसती तिचा श्वास ऐकत होते. वहीत लिहिलं: ९.४०, साठ मिली, संपवलं. ते खरंच होतं. पुढचं लिहिलं नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. मला ते आवडायला लागलं. फक्त बाळाचं पोट भरल्याचं समाधान नव्हतं ते. आईला जमत नाही ते मला जमतंय, हे आवडत होतं. मैत्रीण एक वाजता घामाघूम होऊन यायची, विचारायची, "रडली का गं फार?" आणि मी म्हणायचे, "छे, शहाण्यासारखी होती." त्या "शहाण्यासारखी"त माझाच शहाणपणा मिरवत असायचा.

बुधवारी वजन एकशे ऐंशी ग्रॅमनी वाढलं. पुढच्या बुधवारी एकशे नव्वद. मैत्रीण दवाखान्यातून थेट माझ्या दारात आली आणि दोन्ही हात वर करून नाचली. "ताई, डॉक्टर म्हणाले, बघा, म्हणालो होतो ना, आईचं दूध पुरतं! शाब्बास म्हणाले मला!" तिने मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "शाब्बास गं." तेव्हाच सांगता आलं असतं. तिचा तो चेहरा उतरवायची हिंमत झाली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. फार सोयीचं कारण होतं ते.

साठाचे नव्वद झाले. मग सकाळी दोनदा. आणि मग एक अडचण उभी राहिली. डब्याच्या दुधाने पोट भरलेली पिटुकली आईचं काढलेलं दूध पिईना. बाटलीत तीस-चाळीस मिली उरायला लागलं. उरलेलं परत दिलं तर मैत्रीण विचारणार, भूक का नव्हती? मग मी ते ओतून द्यायला लागले. स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये. वरून नळ सोडायचे, बाटली गरम पाण्याने धुवायचे, हुंगून बघायचे, आणि वहीत लिहायचे: संपवलं.

इकडे मैत्रीण म्हणायला लागली, "दुपारी ती नीट पीतच नाही. आणि मला दूधही कमी झाल्यासारखं वाटतं. पण वजन वाढतंय म्हणजे ठीक असेल ना?"

"ठीकच असेल," मी म्हणाले.

चार आठवड्यांत पिटुकली चार किलो तीनशेवर गेली. त्यानंतर माझ्या थोरल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला नऊ दिवस तिच्याकडे जावं लागलं. मैत्रिणीने तेवढे दिवस रजा टाकली. मी निघताना ती म्हणाली, "काळजी करू नकोस, आता तर गाडी रुळावर आहे."

काळजी मला होतीच. पण मी मनाशी म्हटलं, दिवसभर आईजवळ आहे, प्यायली नाही तर जाईल कुठे? बहिणीकडे पोचल्यावर तिचं दुखणं, डॉक्टर, औषधांच्या वेळा यांत मी स्वतःला बुडवून घेतलं. दोनदा फोन केला. पहिल्यांदा मैत्रीण म्हणाली, "रडते गं फार." दुसऱ्यांदा म्हणाली, "आता रडत नाही, झोपूनच असते." मला कळायला हवं होतं. मला कळलंही होतं. मी म्हणाले, "वाढीच्या वयात मुलं झोपतात."

परत आले त्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, बाळाला हॉस्पिटलात ठेवलंय, काल दुपारपासून. मी बॅगसुद्धा आत ठेवली नाही, दारातच सोडली आणि गेले.

मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. पिटुकलीच्या एवढ्याशा हाताला एक पट्टी बांधून त्यावर सलाईनची सुई चिकटवली होती. वजन चार किलो पन्नास. टाळू आत गेली होती. मैत्रीण स्टुलावर बसली होती आणि तिच्या मांडीवर निळी वही होती. नवरा भिंतीला टेकून उभा, कामाचे बूट अजून पायात.

चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टर वहीची पानं उलटत होती. "मला एक कळत नाही," ती म्हणाली. "पहिले दोन महिने वाढ नाही. मग चार आठवडे उत्तम वाढ. आणि आता एकदम घट. त्या चार आठवड्यांत काय वेगळं केलं होतं?"

"काहीच नाही," मैत्रीण म्हणाली. "सगळं यात लिहिलंय. तेच दूध, त्याच वेळा."

"मग आतलं काही बघावं लागेल. रक्त पुन्हा घेऊ. हृदयाची तपासणी करू. काही दुर्मीळ आजार असतात, त्यांचे नमुने बाहेर पाठवावे लागतील."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तूच सांग ना यांना, सकाळी कशी छान असायची ती."

मी म्हणाले, "हो, छान असायची."

एवढंच म्हणाले. मग नर्सने पिटुकलीच्या टाचेला सुई टोचली. ती रडली, पण आवाज असा निघाला जसा एखाद्या बंद खोलीतून यावा. टाच दाबून दाबून त्या थेंब काढत होत्या. मैत्रिणीने तोंड फिरवलं. मी पिटुकलीचा दुसरा पाय धरून ठेवला होता. नंतर मी म्हणाले, "कधी कधी होतं असं, होईल बरी," आणि फळांची पिशवी टेबलावर ठेवून तिथून अक्षरशः पळाले.

घरी येऊन मशीनवर बसले. एका माणसाच्या जॅकेटला झिप लावायची होती. पूर्ण लावून झाल्यावर पाहिलं, तर उलटी लावली होती. उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. तेव्हा मी मशीन बंद केलं. कपाटातून डबा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून राहिले. निम्म्याहून जास्त रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हॉस्पिटलात पोचले आणि वॉर्डात न जाता त्या चष्मेवाल्या डॉक्टरच्या खोलीबाहेर उभी राहिले. ती आली. मी म्हणाले, "डॉक्टर, ते चार आठवडे माझ्यामुळे आहेत."

तिने मला बसवलं. मी सांगितलं. तिने कपाळाला आठी घातली नाही की आवाज चढवला नाही. कागद ओढला आणि विचारत गेली: कोणता डबा, किती चमचे, किती पाणी, दिवसातून किती वेळा, बाटलीने की चमच्याने, प्यायला किती वेळ लागायचा. मी उत्तरं देत गेले. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे बाटलीने भराभर पिते, आईकडे तास लागतो. आणि आईला दुखतं. तोंड कोणी नीट पाहिलंय का हिचं?" हे ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. मग पेन खाली ठेवलं. "काल सांगितलं असतंत तर कालच्या सुया वाचल्या असत्या."

तिने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"आईला सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल का? तुमच्याकडून तिला..."

"मला उपचारासाठी लागेल ते मी बोलेन. हे तुमचं आहे. साडेनऊला माझा राउंड आहे, त्याच्या आधी सांगा."

मैत्रीण एकटीच होती. नवरा चहा आणायला खाली गेला होता. मी स्टुलाशेजारी उभी राहिले, आणि जिन्यात जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हणाले, "मी तिला डब्याचं दूध देत होते. तुला न सांगता."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं एखादं गिऱ्हाईक चुकीची चिठ्ठी घेऊन यावं आणि तिने ती पुन्हा पुन्हा वाचावी.

"कधीपासून?"

"तू कामाला लागलीस, त्याच्या पाचव्या दिवसापासून."

"किती?"

"आधी साठ. मग नव्वद. शेवटी शेवटी दोनदा."

तिने निळी वही उघडली, ते पान काढलं आणि पेनासकट माझ्या हातात दिली. "लिही. प्रत्येक दिवसाचं. डॉक्टरांना बरोबर कळू दे."

मी लिहायला लागले. माझ्याच अक्षरातल्या "संपवलं"च्या शेजारी लाल पेनाने आकडे घातले. एकेका दिवसाचा विचार करावा लागत होता. आणि प्रत्येक पानावर, त्या शेवटच्या मोठ्या रकान्यात, तिचं बारीक अक्षर होतं. "आज एक वाजता हसली." "दुपारी प्यायली नाही. मी दमलेली होते म्हणून का?" "एकशे ऐंशी!!! मला जमतंय." "दूध कमी येतंय. पाणी जास्त प्यायचं." "जमतंय"वर तिने चौकोन काढला होता. त्याच्या बाजूला मला लिहायचं होतं: साठ, डबा.

मी सतराव्या की अठराव्या दिवसावर होते तेव्हा तिने विचारलं, "मग माझं दूध?"

माझा हात थांबला.

"नव्वद तिने ते प्यायलं. मग माझं साठ कधी प्यायलं? एवढं तिच्या पोटात मावेल का?"

ती औषधवाली होती. मिलीचा हिशेब तिचा रोजचा.

"उरायचं," मी म्हणाले. "मी ओतून द्यायचे."

"कुठे?"

"बेसिनमध्ये."

तेव्हा मात्र तिचा चेहरा पार उतरला. रडली नाही. खूप हळू आवाजात म्हणाली, "त्या साठ मिलीला मला चाळीस मिनिटं लागायची, ताई. पहाटे उठून. कमी पडलं तर आदल्या दिवशीच्या मधल्या सुट्टीतलं त्यात घालायचे, दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसून काढलेलं. दाराला आतून कडी नाही तिथे. पाय लावून बसायचे." थोडं थांबून म्हणाली, "पूर्ण लिही आणि जा."

मी पूर्ण लिहिलं. वही पलंगावर ठेवली आणि गेले. जिन्यात तिचा नवरा चहाचे दोन कप घेऊन वर येत होता. "ताई, थांब ना, एक कप तू घे," तो म्हणाला. मी नको म्हणाले. त्याला अजून माहीत नव्हतं.

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. तीन दिवसांनी तो बाळाची माझ्याकडे राहिलेली दुपटी न्यायला आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "जिभेखालचा पडदा आखूड होता. जीभ नीट पुढे येत नव्हती, त्यामुळे अंगावर ओढता येत नव्हतं. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं. कापला. जरा रक्त आलं, झालं. मधे वजन वाढायला लागलं म्हणून इतके दिवस कोणी तोंडात पाहिलंच नव्हतं." तो रागाने बोलत नव्हता. पण आधी मला अगंतुगं करणारा तो आता म्हणाला, "तुमच्याकडे तिची टोपी पण आहे का?" ते "तुमच्याकडे" कानात शिरलं आणि तिथेच राहिलं.

टेबलावर डबा होता. त्याने पाहिला. "हाच का?"

"हो."

त्याने उचलून त्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. "तिचं दूध पुन्हा वाढेपर्यंत वरचं द्यायचंय. डॉक्टर म्हणाल्या, हाच सोसला असेल तर हाच चालू ठेवा." दुपट्यांवर डबा ठेवून तो वर गेला. महिनाभर मी लपवलेली वस्तू तो जिन्यातून सगळ्यांसमोर उघडी घेऊन गेला, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसण्यासारखं त्यात नव्हतंच काही.

पिटुकली घरी आली. तिला मोठ्या रस्त्यावरच्या पाळणाघरात ठेवायला लागले. सकाळी पावणेनऊला जिन्यावरून त्यांची पावलं यायची, माझ्या दारासमोर जरा भरभर पडायची, आणि जायची. समोरासमोर आलो तर मैत्रीण मान हलवायची. वाईट काही बोलली नाही, बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितलंही नाही. मला वाटायचं, सांगावं तिने, चार बायकांनी मला तोंडावर बोलावं. एकदा ती पुढून जात असताना तिच्या पँटची दुमड पाहिली. दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतली होती. टीप वाकडी होती. मी दिवसभर त्या टिपेचा विचार करत बसले.

माझे मुलगे सुट्टीला आले. धाकट्याने विचारलं, "वरची मावशी येत नाही का आता?" मी म्हणाले, कामात असते. मग दोन दिवसांनी मी दोघांना बसवून खरं सांगितलं. थोरला म्हणाला, "आई, तू तर चांगल्यासाठीच केलंस." मी म्हणाले, "तिचं चाळीस मिनिटांचं दूध ओतलं ते कोणाच्या चांगल्यासाठी?" मला बरं वाटेल असं काही त्याला सापडेना, आणि मला ते योग्यच वाटलं.

पिटुकली नऊ महिन्यांची झाली तेव्हा एका संध्याकाळी दार वाजलं. मैत्रीण होती, कडेवर मुलगी. मुलगी कसली, एक धसमुसळं बोचकं! पायांना वळ्या पडल्या होत्या.

"बुधवारी वजन आहे आणि लस आहे," ती म्हणाली. "हा कामावर बाहेरगावी आहे. एकटीने हिला धरवत नाही, हातपाय झाडते. येशील का?"

"येईन," मी म्हणाले. कधी, किती वाजता, काही विचारलं नाही.

बुधवारी आम्ही चालत निघालो. बाळ तिच्या कडेवर, पिशवी माझ्याकडे. मोठा रस्ता लागला. मग ती समोर बघतच म्हणाली, "त्या वेळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, तो डबा नसता तर ही महिनाभर आधीच ॲडमिट झाली असती."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि असंही म्हणाल्या, की डबा उघड असता तर ॲडमिट व्हावंच लागलं नसतं. दोन्ही म्हणाल्या. पहिलं मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं."

खरं तर हे ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता. इतके महिने मी हेच कोणाकडून तरी ऐकायला आसुसले होते. पण ऐकलं आणि लक्षात आलं, की मला लाज वाटते ती डब्याची नाहीच.

"मला आवडायचं ते," मी म्हणाले. "तुला जमत नाही आणि मला जमतंय, हे. तू माझ्या दारात नाचत होतीस तेव्हाही."

ती दोन-चार पावलं चालली. "ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "तू वहीत लिहीत होतीस ना, तेव्हाच." आणि पिटुकलीची टोपी सारखी केली.

दवाखान्यात गर्दी होती. नर्सबाईंनी पिटुकलीला काट्यावर ठेवलं, तिने काट्याची कड दोन्ही हातांनी धरून ओढायला सुरुवात केली. सात किलो चारशे. मैत्रिणीने वही आणली नव्हती. तिने आकडा फक्त ऐकला. लस टोचली तेव्हा मी पाय धरले. पिटुकली एवढ्या जोरात किंचाळली की रांगेतली तीन मुलं तिच्या जोडीने रडायला लागली.

मग कार्डावर शिक्का मारून घ्यायला पलीकडच्या खिडकीत जायचं होतं. मैत्रिणीने इकडेतिकडे पाहिलं, क्षणभर थांबली आणि बाळ माझ्या हातात दिलं. वजन एकदम अंगावर आलं. दोन पावलं जाऊन ती मागे वळली.

"तिला काही देऊ नकोस हं," ती म्हणाली.

नर्सबाई हसल्या. त्यांना वाटलं, आयांचं असतं तसं काहीतरी. मैत्रीण हसली नव्हती, आणि रागावलेलीही दिसत नव्हती. तिने सरळ सांगितलं होतं, आणि उत्तरासाठी उभी होती.

"नाही देणार," मी म्हणाले.

ती खिडकीकडे गेली. पिटुकली माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. मी तिला धरून, सगळ्यांना दिसेल अशी, भिंतीपासून लांब, मधोमध उभी राहिले.